बुडखा वर, शेंडा खाली

गल्लीचा उतार जिथून सुरू होतो तिथे, अगदी माथ्यावर, एक अंगण आहे. भिंतीला टेकून बांबू उभे असतात आणि त्यांच्या पायाशी बसून एक बाई दिवसभर काहीतरी तासत, ठोकत, बांधत असते. सगळे तिला शिडीवाली म्हणतात. खरं नाव आठवायला आपल्यालाही जरा वेळ लागतो, असं तिचा नवरा स्वतःच सांगतो. नवरा शिंपी. आत खिडकीशी त्याचं मशीन, बाहेर अंगणात हिचा कोयता. आतून खडखड, बाहेरून खटखट, आणि मधल्या उंबऱ्यावरून दोघांची बोलाचाली. एखाद्या दिवशी तिन्ही आवाज बंद असले की शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारते, "सगळं बरंय ना?"

शिड्यांचं काम तिला बापाकडून आलं. बापाला मुलगाही होता, पण त्याचं चित्त लहानपणापासून चाकांत. त्यानं उताराच्या पायथ्याशी सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तो मिस्त्री झाला. बापानं आधी कपाळाला हात लावला, मग मुकाट्यानं पोरीच्या हातात कोयता दिला. नियम थोडेच होते, पण दगडावरची रेघ. हिरवा बांबू घ्यायचा नाही. उन्हात वाळवायचा नाही, सावलीत वाळवायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बुडखा खाली, शेंडा वर. बांबूचं बूड जाड, शेंडा बारीक. वजन पेलायचं ते बुडानं. एखादी बाजू उलटी लागली तर बाप आख्खी शिडी सोडवून पुन्हा बांधायला लावायचा, आणि तोवर जेवणाचं नाव काढू द्यायचा नाही. पोरीच्या हाताला इतकी सवय लागली की डोळे मिटलेले असताना बांबू दिला तरी तो हातातल्या हातात फिरून सुलटा होई.

पुढे बाजारात अॅल्युमिनियमच्या शिड्या आल्या. घडी होणाऱ्या, एका हातानं उचलता येणाऱ्या. रंगारी तिकडे गेले, तारांवर काम करणारे गेले. राहिले फळबागांवाले आणि काही जुने हट्टी लोक. अॅल्युमिनियमचं नाव निघालं की शिडीवाली सवतीचं नाव काढल्यासारखं तोंड करायची.

आणि नेमकी तिच्या लेकीची सायकल त्याच धातूची.

लेक नर्स आहे. दवाखान्यातून घरी सोडलेल्या रुग्णांच्या घरोघर जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं हे तिचं काम. दिवसभर सायकल. गल्ल्या दगडी फरशीच्या, त्यामुळे संध्याकाळी घरी आली की मनगटं झाडत बसायची, मुंग्या आल्यात म्हणायची. सीटखालच्या सांध्याला केसाएवढी चीर कधी पडली ते कुणाला कळलंच नाही. एका सकाळी दांडा सांध्यातून निखळला आणि ती सायकल खांद्यावर टाकून मामाच्या दुकानात गेली. शिडीवालीही तिथेच होती. शिडीच्या गाठी आवळायला ती भावाकडून जुन्या ट्यूबा नेत असे.

"मामा, जोडून दे ना," लेक म्हणाली.

"जोडीन गं. पण टिकणार नाही. हे एकदा तापलं की सांध्याजवळ मऊ पडतं." मिस्त्रीनं चिरेवरून नख फिरवलं. "लोखंडाचं बरं असतं. आधी वाकतं, मग कुरकुरतं, मग मोडतं. घरातल्या म्हाताऱ्यासारखं, जायच्या आधी पुरेशी तक्रार करून जातं. अॅल्युमिनियम म्हणजे घुम्या जावई. तोंडातून शब्द नाही, आणि एक दिवस पिशवी उचलून चालता होतो."

"आणि आमच्या डॉक्टरांची ती काळी सायकल?"

"कार्बनची? तिच्यात काळे धागे असतात, चिकट रसायनात भिजवून थरावर थर गुंडाळलेले. धागे ज्या बाजूला धावतात त्या बाजूला पोलाद. भलत्या बाजूनं दगड लागला की काचेची बरणी."

शिडीवाली ट्यूबा निवडायची थांबली. "धागे भिजवून गुंडाळतात? मग ती शिडीची गाठच झाली की."

"झाली. पुढे?"

"पुढे काय! सांधे धाग्यांचे, तर दांडे बांबूचे का नाहीत?"

मिस्त्री असा हसला की हातातला पाना खाली पडला. "आक्के, आपल्याला सायकल करायचीय, कुंपण नाही!"

हसण्यावर गोष्ट संपली असती, पण भाऊ हसला की बहिणीचं काम सुरू होतं, हे त्या घराचं जुनं दुखणं. ट्यूबांबरोबर तिनं दुकानामागच्या भंगारातून एका लोखंडी सायकलीचा सांगाडाही उचलून आणला. हँडल जिच्यात फिरतं ती नळी, पेडलचा आस बसतो तो गाळा, पुढचं आणि मागचं चाक अडकवायचे चिमटे, एवढंच लोखंड भावाकडून कापून घेतलं. बाकी सगळं बांबूचं करायचं.

बांबू निवडण्यातच तिचे कितीतरी दिवस गेले. एकेकावर टिचकी मारायची, कान लावायचा, ठेवून द्यायचा. ज्याचा आवाज भरीव आणि कोरडा तोच बाजूला. मग लांब सळई तापवून आतल्या पेरांचे पडदे फोडायचे, कारण पडदा शाबूत ठेवून बांबू आगीवर धरला तर आतली हवा कोंडून तो फटाक्यासारखा फुटतो. मग जाळावर हळूहळू फिरवत शेकायचा. बांबूला घाम फुटतो, तो चिंधीनं पुसत राहायचा, आणि गरम आहे तोवर गुडघ्यावर दाबून वाक काढायचा. टोकांना कानशीनं अशी खाच पाडायची की दांडा गोल नळीला मिठी मारून बसला पाहिजे. मधे कागद सरकला तर पुन्हा कानस. मग तागाचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे त्याच चिकट रसायनात, भिजवून सांध्यावर आडवे, तिरपे, उलटे तिरपे, थरावर थर. वरून ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळायच्या, म्हणजे जादा रेझिन बाहेर येतं आणि गाठ घट्ट बसते. सुकल्यावर पट्ट्या सोडायच्या, कानशीनं गाठी गोल करायच्या.

सायकल उभी राहिली तेव्हा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. मधाच्या रंगाचे दांडे, काळपट गाठी. "अगं, हिच्यावर बसायचं की हिला भिंतीला टांगायचं?"

लेक बसली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, मनगटं दुखत नाहीत! फरशीचा धक्का मधेच कुठेतरी विरतो." शिडीवालीनं तोंडानं "हं" एवढंच केलं, पण त्या संध्याकाळी ती शेजारणींशी उगाचच जास्त बोलली.

थोड्या दिवसांनी लेकीनं सांगितलं, "हँडलच्या खाली करकर येते गं."

"नवा बांबू बोलतोच," शिडीवाली म्हणाली. "नवी सून घरात आली की भांडी जरा वाजतात."

लेकीनं ऐकलं आणि चालवत राहिली. मग एका सकाळी, उताराच्या मध्यावर, पाण्याच्या पाइपवरच्या लोखंडी झाकणाशेजारच्या खड्ड्यात पुढचं चाक आदळलं, तिनं ब्रेक दाबला, आणि तिरपा दांडा, जो हँडलच्या मानेपासून खाली पेडलकडे येतो तो, मानेपाशी उभा चिरला. हँडल एकीकडे, लेक एकीकडे. मनगटाचं हाड मोडलं. प्लॅस्टर लागलं, रजा पडली.

शिडीवालीनं ती मोडकी फ्रेम अंगणात आणून पालथी टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसली. शिंप्यानं दोनदा चहा पुढे केला, दोनदा गार झालेला परत नेला. लोकांनी अॅल्युमिनियमची शिडी घेतली तेव्हा तिचा बराचसा धंदा गेला होता. आता तिच्या हातानं केलेल्या वस्तूनं पोटच्या पोरीचं हाड मोडलं होतं. ही गोष्ट वेगळी.

लेकीला एका हातानं वेणी घालता येईना, म्हणून रोज सकाळी शिडीवाली तिच्या मागे बसायची. तिसऱ्याचौथ्या सकाळी लेक शांतपणे म्हणाली, "आई, नवी शिडी गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी तू काय करतेस?"

कंगवा थांबला. शिड्या करणाऱ्यांची एक रीत आहे. शिडी पुरी झाली की भिंतीला लावायची, गिऱ्हाईकाला खाली उभं करायचं, आणि जिनं केली तिनंच आधी चढायचं. नुसतं चढायचं नाही, एकेका पायरीवर उडी मारायची. हाड मोडलं तर करणाऱ्याचं मोडू दे.

"मग सायकल आधी मला का दिलीस?"

"मला कुठे सायकल येते?"

"मग शिकायचीस." लेक वळली नाही. "मी तुला दोष देत नाही. पण प्लॅस्टर निघालं की मामाकडून तयार सायकल आणणार आहे. बांबूवर मी परत बसणार नाही, आई. कितीही चांगली कर, मला त्या उतारावर भीती वाटणार."

वेणी नेहमीपेक्षा घट्ट बसली. लेक "आई, केस आहेत ते, शिडीची गाठ नाही," असं ओरडली, आणि शिडीवाली उठून सरळ मोडक्या फ्रेमकडे गेली. प्लॅस्टर निघायच्या आत नवी फ्रेम उभी करायची, आणि या वेळी आधी स्वतः बसायचं. तिनं तसं कुणाला सांगितलं नाही. करवत काढली आणि मिस्त्रीला निरोप पाठवला.

दोघा बहीणभावांनी मानेचा सांधा उभा चिरला. धाग्यांची गाठ शाबूत होती, रेझिन कुठेही सुटलं नव्हतं. चिरलं ते गाठीच्या तोंडाशी, जिथे बांबू सगळ्यात बारीक होता तिथे.

"हा शेंडा इथे कशाला लावलास?" मिस्त्रीनं विचारलं.

"कशाला म्हणजे? बुडखा खाली, शेंडा वर."

"आक्के, चाक खड्ड्यात गेलं की मार कुठे बसतो? माणूस पुढे, वजन पुढे, ब्रेक पुढे. सगळा हिसका मानेवर. आणि तू मानेला दिलीस काडी. खाली पेडलपाशी, जिथे एवढी गरज नाही, तिथे ठेवलास खांब!"

शिडीवालीनं दांडा हातात घेतला. तिला कळलं. लगेच कळलं. पण कळणं डोक्याचं असतं, आणि बांबू हातांचा. नव्या दांड्यासाठी तिनं चांगला जाड बुडखा निवडला, फ्रेमला लावून पाहायला उचलला, आणि बोलता बोलता तो हातात फिरून सुलटा झाला. तिनं पुन्हा उलटा केला. थोड्या वेळानं पाहते तर पुन्हा सुलटा.

"बाप बसलाय माझ्या मनगटात," ती म्हणाली.

आतून मशीन थांबलं. "तुझ्या बापानं शिडीचं सांगितलं होतं," शिंपी म्हणाला. "सायकलीचं त्यांना कधी विचारलं होतंस का?" आणि त्यानं लाल कापडाची एक चिंधी फेकली. "बुडख्याला बांध. चिंधी मानेकडे. लहान पोरांना डावं-उजवं कळावं म्हणून उजव्या चपलेला मी अशीच बांधायचो."

तिनं चिंधी बांधली. खाचा कोरल्या, धागे कापून ठेवले, रेझिन कालवलं. एकदा कालवलं की ते थांबत नाही, घट्ट होत जातं. पहिला थर फिरवला, दुसरा फिरवला, आणि उंबऱ्यातून शिंपी बोंबलला, "अगं, चिंधी खाली गेली!"

मग जी धावपळ झाली! थर ओरबाडून काढले, दांडा फिरवला, बोटांना रेझिन, केसांना रेझिन, तोंडात बापाला आणि बांबूला सारख्याच शिव्या. नवा डबा कालवून पुन्हा सुरुवातीपासून गुंडाळावं लागलं. पण या वेळी चिंधी वर होती, आणि ती वर आहे हे ती दर थराला मोठ्यानं म्हणत होती.

गाठी सुकल्यावर तिनं पुढचा लोखंडी चिमटा भिंतीला टेकवून फ्रेमच्या मानेवर वाळूची पोती लटकवली. मग पोती काढून शिंप्याला बसवलं. मग शिंप्याच्या मांडीवर स्वतः बसली. "एवढी जवळ तर लग्नातही बसली नव्हतीस," असं तो म्हणाला, तर त्याला कोपर बसलं. फ्रेम बोलली नाही. तिनं कान लावला, पुन्हा हलवलं, पुन्हा कान लावला. गप्प.

आता राहिली बसण्याची गोष्ट.

शिंप्यानं तिची मापं घेऊन विजार शिवली. मापं घेताना गुदगुल्या होतात म्हणून ती हसली आणि टाचणी त्याला टोचली. रोज उजाडताना, रस्ता रिकामा असताना, ती सायकल धरून बाहेर पडायची आणि मिस्त्री मागून सीट पकडायचा.

"आक्के, समोर बघ! चाकाकडे नको!"

"आणि चाक गेलं तर कुठे?"

"तुझ्याशिवाय जाणार आहे कुठे? समोर बघ!"

ती पडली. नाल्याच्या कठड्यावर पडली, दूधवाल्याच्या कॅनवर पडली, एकदा तर उभ्या जागी, काहीही न होता, पिकलेल्या फळासारखी पडली. गुडघे सोलले. शेजारणी गॅलरीत येऊन बसू लागल्या. "या वयात काय गं हे!" असं एकीनं म्हटलं, तेव्हा शिडीवाली रस्त्यातूनच ओरडली, "या वयात पडायला जास्त अक्कल लागते, म्हणून!" लेकही खिडकीतून बघायची. गुडघ्यांना एका हातानं, नीट, दवाखान्यात लावतात तशी पट्टी लावून द्यायची.

एका सकाळी मिस्त्रीनं सीट सोडली आणि ती पुढे जात राहिली. त्यानं सांगितलं नाही. ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळता येईना म्हणून उतरली, मागे बघते तर भाऊ एवढासा. "सोडलंस कधी?" ती ओरडली. "मघाशीच!" तो ओरडला. त्यावर ती त्याला रागवली, पण चेहरा रागाचा नव्हता.

प्लॅस्टर काढायच्या आदल्या सकाळी तिनं लेकीला हाताला धरून अंगणाबाहेर आणलं. "इथे उभी राहा. गिऱ्हाईकानं बघायचं असतं."

"आई, काही गरज नाही."

"मला आहे."

ती बसली आणि उतारावर सुटली. पहिल्यांदा तिनं ब्रेक इतका दाबून धरला होता की सायकल किंचाळत गेली. झाकणाशेजारचा खड्डा आला, चाक आत गेलं, धक्का बसला, ती जवळजवळ हँडलवर आली, आणि खाली भावाच्या दुकानापाशी पाय टेकून थांबली. सायकल उभीच होती. तिनं मान तपासली, अंगठ्यानं दाबली, कान लावला. मग सायकल ढकलत उतार चढून वर आली. दम लागला होता.

"झालं?" लेक म्हणाली.

"शिडीच्या एका पायरीवर उडी मारून चालतं का?"

ती पुन्हा गेली. पुन्हा त्याच खड्ड्यातून, या वेळी ब्रेक आधी सोडून आणि ऐन खड्ड्यात दाबून, जसा त्या दिवशी लेकीनं दाबला होता. पुन्हा ढकलत वर. पुन्हा खाली. चौथ्या वेळी ती वर येत असताना लेक स्वतः अर्ध्या उतारावर चालत आली, चांगल्या हातानं हँडल धरलं, वाकली, आणि मानेच्या गाठीला कान लावला.

"हलव," ती म्हणाली.

आईनं हलवलं.

"जोरात."

आईनं जोरात हलवलं. लेक बराच वेळ ऐकत राहिली, रुग्णाच्या छातीला कान लावावा तशी. मग उभी राहिली. "सीट खूप खाली आहे," ती म्हणाली. "माझे गुडघे हनुवटीला लागतील. वर घ्यायला सांग मामाला." आणि आईच्या हातून सायकल घेऊन ती ढकलत पुढे चालू लागली, म्हणून आईला मागून यावं लागलं.

हाताला जोर आल्यावर, एका सोमवारी, लेकीनं पट्ट्यांची पिशवी मागे बांधली आणि कामावर गेली. शिडीवालीनं त्या दिवशी एक शिडी बांधायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या दोनच पायऱ्या झाल्या. शिंप्यानं दोन वेळा उंबऱ्यात येऊन विचारलं, "काही ऐकू आलं का?" दोन्ही वेळा ती त्याच्यावर खेकसली.

लेक अंधार पडायच्या आत आली. सायकल भिंतीला टेकवली, हातपाय धुतले आणि बोलायला लागली ती थांबेना. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याची पायाची जखम भरायला लागली होती, पण तो सुनेला पट्टीला हात लावू देत नव्हता. दुसरीकडे एक बाई इंजेक्शन बघून पलंगाखाली शिरली होती. शिडीवाली ताट वाढता वाढता ऐकत होती. लेक सायकलीचं कधी बोलते याची वाट बघत होती. भाजी वाढून झाली, दुसऱ्यांदा वाढून झाली.

शेवटी तिला राहवेना. "आणि चालली कशी?"

"कोण?"

"कोण म्हणजे! सायकल!"

लेकीचा घास हातातच राहिला. तिनं खरंच आठवून पाहिलं, आणि काही सापडलं नाही असा चेहरा केला. "अगं, चालली की. लक्षातच नाही राहिलं."

"एवढंच?"

"मग काय, हार घालू तिला?" लेक हसली, भाजीचं भांडं पुढे ओढलं, आणि पुन्हा त्या म्हाताऱ्याच्या सुनेवर आली. शिडीवाली तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि पहिल्यांदा नीट ऐकू लागली.